आपल्या सुपातलं बोला

प्रिय ईशान आणि सई,

त्या रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी पडद्यासमोर बसले आणि काहीच बोलले नाही. सई म्हणाली, "आजी अडकली." ईशाननं तिकडून वायफायला दोष दिला. नेटवर्क चांगलं होतं. मलाच बोलता येत नव्हतं. तासाभरापूर्वी मी दवाखान्यातून परतले होते. आंघोळ केली होती, साडी बदलली होती, केस विंचरले होते, नेहमीसारखं सगळं जागच्या जागी केलं होतं, आणि तरी तोंडातून शब्द निघत नव्हता. शेवटी आजोबांनी फोन हातातून घेतला आणि तुम्हाला इथल्या उकाड्याची हकिगत सांगितली.

काय झालं होतं, हे तुम्ही नंतर दोघांनीही विचारलंत. लिहून कळवते, म्हटलं. इथल्या एका दिवाळी अंकाचे संपादकही नोकरीतले अनुभव लिहा म्हणून केव्हाचे मागे लागले होते. तेव्हा एकदाच लिहिते, तुमच्यासाठी आणि त्यांच्यासाठीही. मराठी अक्षरं तुम्हाला जड जातात, तेव्हा तुमची आई वाचून दाखवेल. वऱ्हाडी बोलणं आलं की तिला म्हणा, घाई करू नकोस. ती हसत सुटते आणि पुढचं राहून जातं.

आजी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक होती, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. त्यापलीकडे आपल्या घरात कधी बोलणं झालं नाही. मी मूळची नागपूरची, कॉन्व्हेंटात शिकलेली. इंग्रजीत एम.ए. केलं, मग समाजकार्याची पदवी घेतली, आणि लग्न होऊन वर्ध्याला आले, कारण तुमचे आजोबा इथल्या कॉलेजात शिकवत होते. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे, आजही आहे. नालवाडीतल्या केंद्रात माणूस हवा आहे असं कळलं तेव्हा मला हसूच आलं. बंदीच्या जिल्ह्यात व्यसनमुक्ती म्हणजे टकल्यांच्या गावात कंगवे विकण्यासारखं.

पहिल्याच दिवशी एका माणसाला दोघांनी धरून आणलं. शिकले होते त्याप्रमाणे मी शांतपणे विचारलं, दारू पिता का? तो मोठ्या अदबीनं म्हणाला, "म्याडम, आपल्या जिल्ह्यात तं बंदी हाये ना." आणि तसाच भिंतीला टेकून खाली घसरला.

दुपारपर्यंत बाहेरची बाकं भरली. मी हादरून गेले. इतकी माणसं, इतक्या गावांतून, आणि दारू हा शब्द उच्चारायला एकही तयार नाही. कोणी 'औषध' म्हणत होतं, कोणी 'पल्याडचं', म्हणजे जिल्ह्याच्या हद्दीपलीकडून आणलेलं. बंदीनं दारू गेली नव्हती, तिचं नाव तेवढं गेलं होतं. जी गोष्ट मुळात नाहीच, ती सोडा असं माणसाला सांगायचं कसं? माझी पुढची सगळी नोकरी या एका प्रश्नात गेली.

हे काम काय असतं ते सांगते. लोकांना वाटतं आम्ही उपदेश करतो. उपदेश तर घरचेही करतात, आणि तो फुकट असतो. पहिले काही दिवस काम डॉक्टरांचं. रोज भरपूर पिणाऱ्या माणसानं एकदम सोडली, तर दोन-तीन दिवसांत अंग थरथरतं, घाम फुटतो, झटके येतात, नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. औषध मिळालं नाही तर त्यात जीवही जातो. पिऊन मरतात हे सगळ्यांना माहीत असतं. सोडताना मरतात हे कोणाला माहीत नसतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शरीर ताळ्यावर आलं की आमचं काम सुरू होतं. त्या माणसानं रोज स्वतःकडे पाहायचं आणि जे दिसेल ते तोंडानं बोलायचं. मी पुस्तकात वाचल्याप्रमाणे खुर्च्या गोल मांडल्या. माणसं गोल बसली आणि पायाच्या अंगठ्यांकडे बघत राहिली. आठवडाभर तेच.

मग एकदा स्वयंपाकाच्या बाई रजेवर गेल्या. केंद्राला डाळ येई ती आसपासच्या गावांतून दान म्हणून, घरच्या तुरीची, खड्यांनी भरलेली. दुसऱ्या दिवशीची डाळ निवडायला कोणी नव्हतं, म्हणून मी सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि प्रत्येकासमोर थोडी थोडी टाकली. मान खाली, हात कामात, कोणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा प्रश्न नाही. आणि माणसं बोलू लागली. एक म्हणाला, आज बायकोला फोनवर खोटं सांगितलं. दुसरा म्हणाला, आज चहाचा वास आला आणि डोक्यात भलतंच आलं. मी उठून खुर्च्या आत नेऊन ठेवल्या. त्या परत बाहेर काढल्याच नाहीत.

पुढे बाजारातून बांबूची सुपं आणली आणि त्याला 'निवडणं' हेच नाव पडलं. रोज दिवेलागणीला बसायचं. आज कोणाशी खोटं बोललो, आज कशाचा राग आला, आज दारू कुठे आठवली, हे ज्याचं त्यानं सांगायचं. सांगून झालं की हातातला खडा मधल्या स्टीलच्या वाटीत टाकायचा. कोणी कोणाला उत्तर द्यायचं नाही, शाबासकी नाही, बोलणी नाहीत. उद्याचं काही कबूल करायचं नाही. आणि नियम एकच: आपल्या सुपातलं बोला.

हा नियम सगळ्यात जड गेला तो एका निवृत्त गुरुजींना. त्यांना स्वतःच्या सुपात कधी खडा दिसायचा नाही, शेजाऱ्याच्या मात्र लांबूनही दिसे. ते बोलायला लागले की चारी बाजूंनी "गुरुजी, आपल्या सुपात पाहा" सुरू व्हायचं. शेवटी एका संध्याकाळी ते म्हणाले, "मी शाळेत पिऊन जात होतो. पोरं वास ओळखत होती आणि तरी मला नमस्कार करत होती." वाटीत खड्याचा आवाज झाला. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

धक्के मात्र संपत नव्हते. एका माणसाला बरं वाटू लागल्यावर पुन्हा त्याच्या तोंडाला वास येऊ लागला. कुंपण पाहिलं, संडास पाहिले, गादी उसवून पाहिली. दारू यायची ती त्याच्या बायकोच्या डब्यातून, ताकाच्या झाकणाच्या भांड्यात. मी तिला त्याबद्दल विचारलं. ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "दोन दिस जेवला नाई म्हणे, बाई. मले पाह्यवलं नाई." तिचं त्या माणसावर प्रेम होतं यात मला तेव्हाही शंका नव्हती. माणसाला मारायला प्रेमही पुरतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आता सुधाकरचं सांगते. त्या रविवारी मी गप्प होते ते त्याच्यामुळे.

सुधाकर आला तो भाजीच्या टेम्पोत, वांग्यांच्या पोत्यांमध्ये, हात बांधलेल्या अवस्थेत. समुद्रपूरच्या पुढे, गिरडच्या वाटेवर त्याचं गाव. घरची विहीर, थोडी जमीन, त्यात वांगी, मेथी, सांबार. सांबार म्हणजे इकडची कोथिंबीर. तुमच्या आईला माहीत आहे. त्याच्या भावानं त्याला उतरवलं. मी आधी दोरी सोडली. सुधाकर मनगटं चोळत म्हणाला, "दोरी नीट ठेवजा म्याडम, भावाले वापस लागते. पोत्याची हाये."

बरेच दिवस त्याचं एकच: "माह्या सुपात खडा नाई." बाकीचे म्हणायचे, मग तुझ्या घरची डाळ बाजारात आण, जास्त भाव येईल. मग एका रविवारी त्याची मुलगी भेटायला आली. वैष्णवी तेव्हा इतकी लहान होती की आईच्या कडेवरून उतरायला तयार नव्हती. संध्याकाळी सुधाकर बराच वेळ नुसती डाळ फिरवत बसला, मग म्हणाला, "पोरीनं इचारलं, बाबा, तुमी अठी काऊन राह्यता? म्या सांगितलं, शेतीच्या ट्रेनिंगले आलो." आणि खडा टाकला. तो त्याचा पहिला.

तो बरा होऊन गेला. 'बरा झाला' असं आम्ही म्हणत नाही, आज प्यायला नाही एवढंच म्हणतो. पण ते त्यानं वर्षानुवर्षं केलं. वर्ध्याला भाजी घेऊन आला की संध्याकाळपर्यंत थांबायचा आणि निवडायला बसायचा. गावी बायकोसमोर बसायचा. शोभा, त्याची बायको, मोठी तिखट जिभेची. मला म्हणाली होती, "ताई, लगन झाल्यापासून म्या डाळ निवडून राह्यली, मले कोणं मेडल नाई देलं. यानं दोन दिस निवडली तं गावभर बोलबाला." पण तीही शेजारी सूप घेऊन बसू लागली. भांडणं निम्म्यावर आली, असं तिनंच सांगितलं. राग आला की म्हणे ती तो संध्याकाळपर्यंत जपून ठेवायची.

दरम्यान मी निवृत्त झाले. केंद्राचं अनुदान थांबलं आणि केंद्रही बंद पडलं. आज त्या इमारतीत शिकवणीचे वर्ग चालतात, ओसरीवर मुलांच्या सायकली असतात. सुधाकर अधूनमधून फोन करायचा. "निवडणं चालू हाये म्याडम," एवढंच सांगायचा. मला तेवढं पुरे होतं.

गेल्या वर्षी त्याच्या आईनं एक नवस फेडायचं ठरवलं. मुलगा सुटला तर गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांच्या दर्ग्याला चादर चढवीन, असं ती पूर्वी बोलली होती. आपल्याकडे हिंदू घरांतून हे अगदी सर्रास असतं, त्यात नवल काही नाही. नवल पुढचं होतं. चादर चढवून झाली की सुधाकरनं सगळ्या सोयऱ्यांसमोर, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, मरेपर्यंत थेंब घेणार नाही अशी शपथ घ्यायची, असं तिनं ठरवलं होतं.

त्यानं मला बोलावलं. मी फोनवर त्याला म्हटलं, चादर चढव, जेवण घाल, शपथ घेऊ नकोस. तो म्हणाला, "बुढीचा नवस हाये म्याडम. नाई कसं म्हणू?"

मी गेले. टेकडीखाली स्वयंपाक झाला, पंगती बसल्या, मी पोटभर जेवले. सुधाकरनं वैष्णवीच्या डोक्यावर हात ठेवला. ती आता कॉलेजात जाणारी मुलगी, लाजून खाली बघत होती. त्याच्या आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. इतकं चांगलं दृश्य होतं की माझ्या मनातली शंका मलाच कोती वाटली.

शंका अशी होती. शपथ एकदाच घेतात आणि ती जन्मभरासाठी असते. माणसाच्या हातात मात्र एका वेळी एकच दिवस असतो. आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली, तर ते सांगणार कोणाला? सांगितलं की मुलीवर संकट आलंच. म्हणजे त्या दिवसापासून त्या घरात दारूचं नावही काढायची सोय उरली नाही. जिल्ह्यात आधीच उरली नव्हती.

आणि झालंही तसंच. दुसऱ्या दिवशी सुधाकर सूप घेऊन बसला तर आई म्हणाली, "आता कायले रोज रोज पाप बोलून राह्यला? बाबापाशी शब्द देला ना?" सूप भिंतीला टांगलं गेलं. हे मला नंतर कळलं. मी फोन करायची तेव्हा शोभा सांगायची, "सारं बेस हाये ताई."

आता तो रविवार.

सकाळचे अकरा वाजले असतील. आजोबा पेपर वाचत होते. फाटक वाजलं, बघते तर शोभा. रिकामे भाजीचे क्रेट फाटकाशी ठेवून आत आली आणि पायरीवरच बसली. वर्ध्याच्या बाजारात भाजी घेऊन ती एकटी आली होती. बऱ्याच दिवसांपासून तीच येत होती. हातात मोबाईल घट्ट धरलेला. सासूचा गिरडहून फोन आला होता. सुधाकरला घेऊन ती पहाटेच दर्ग्याला गेली होती, आणि तिथे त्याच्या अंगाला कंप सुटला होता. बाबाचा कोप झाला आहे, तो उतरेपर्यंत इथून हलायचं नाही, असं सासूचं म्हणणं.

मी विचारलं, सुधाकर पितो आहे का? शोभा माझ्याकडे न बघता म्हणाली, "पीत होता. आता नाई ताई. तीन दिस झाले, थेंब नाई. बुढीनं सांगितलं, पाक होऊनच वर जायाचं."

हे ती जरा अभिमानानं म्हणाली. दुसरं कोणी हे ऐकून खूश झालं असतं. मी मनात दिवस मोजले आणि चपला पायात सरकवल्या. आजोबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि न विचारता गाडीची किल्ली घेतली.

हिंगणघाटपर्यंत शोभा हातातला मोबाईल चाळवत राहिली. मग खिडकीकडे तोंड करून सगळं बोलली. शपथेनंतर काही महिने बरे गेले. मग एका लग्नात सुधाकरनं घेतली, एकदाच. आमच्या भाषेत याला घसरणं म्हणतात. घसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी बोलला तर बहुतेक वेळा उठून उभा राहतो. केंद्रात तो बोलला असता, वाटीत खडा पडला असता, संपलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी वैष्णवीची स्कूटी घसरली आणि तिचा पाय मोडला. कुत्रा आडवा आला, असं ती म्हणाली. तिला दवाखान्यात न्यायला सुधाकर धावला आणि घरी आल्यापासून त्यानं पुन्हा बाटली धरली. भीतीनं. आईला कळलं होतं, बायकोला कळलं होतं. दोघींपैकी एकीनं शब्द काढला नाही. बोललं तर शपथ मोडल्याचं खरं होईल, आणि या वेळी पाय मोडला, पुढच्या वेळी काय होईल?

"तुमाले फोनवर खोटं सांगत होती मी," शोभा म्हणाली. "पोरीच्या जिवाची गोष्ट होती ताई."

मी इतकी वर्षं या कामात घालवली. घरातली माणसं लपवतात, हे मी दुसऱ्यांना शिकवायची. तरी शोभाच्या 'बेस हाये'वर मी विश्वास ठेवला होता. त्या घरात कोणी वाईट नव्हतं, कोणी कोणाचं वाईट चिंतत नव्हतं. सगळे मिळून एका माणसाला शांतपणे मरू देत होते.

त्यांचं गाव वाटेवरच होतं. घरी वैष्णवी एकटी, काठी घेऊन दारात उभी. शोभा तिला सांगत होती, तू थांब. ती तशीच गाडीत येऊन बसली.

गिरडला टेकडीच्या पायथ्याशी फुलांची, चादरींची दुकानं आहेत. तिथून जरा वर, पायऱ्यांच्या कडेला, चार-पाच माणसं उभी होती. मधे सुधाकर बसला होता. त्या टेकडीवर सुपारीएवढे गोल दगड सापडतात; लोक हौसेनं घरी नेतात. सुधाकरनं समोर दुपट्टा पसरला होता आणि त्यात त्या दगडांचा ढीग होता. एक उचलायचा, डोळ्यांजवळ नेऊन बघायचा, बाजूला टाकायचा, दुसरा उचलायचा. हात इतके थरथरत होते की निम्मे दगड वाटेतच पडत होते. अंगातला सदरा घामानं चिकटला होता.

मला पाहून त्यानं ओळखलं. "खडे सरून नाई राह्यले म्याडम," तो म्हणाला. "सकाळपासून निवडून राह्यलो."

मी अशी लक्षणं अनेकदा पाहिली होती. माणसं चादरीवरचे धागे वेचतात, हवेतले किडे धरतात. पण तो जे वेचत होता ते मी त्याला शिकवलं होतं. त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं आणि हात माझंच काम करत होते.

मी त्याच्या आईला सांगितलं की हा कोप नाही, आजार आहे, आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. ती हलेना. तिथल्या सेवेतले एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ केव्हाचे त्याला पाणी पाजायचा प्रयत्न करत होते. ते तिला म्हणाले, "अम्मा, पहले डॉक्टर को दिखाओ. बाबा कहीं नहीं जा रहे." ती बाजूला सरली. पण आता सुधाकरच उठेना. आजोबांनी आणि मी धरून पाहिलं. त्यानं पायरी घट्ट पकडली. "म्या उठलो तं पोरीले होते काहीतरी," एवढंच तो म्हणत होता. "माह्यानं तिचा पाय गेला. आता जीव जाईन."

त्याला मी काय समजावणार? शपथ मोडल्यानं अपघात होत नाहीत, हे इंग्रजीतून आणि मराठीतून मला छान सांगता येतं. त्यानं माझं ऐकलं नसतं.

वैष्णवी काठी टेकत चार पायऱ्या चढून आली. दुखरा पाय लांब करून त्याच्यासमोर बसली. दुपट्ट्यावरचा एक दगड तिनं हातात घेतला.

"बाबा, माह्या सुपातलं सांगते," ती म्हणाली. "कुत्रा नव्हता. म्या गाडी चालवता चालवता मोबाईल पाहून राह्यलती. मैत्रिणीचा मेसेज आलता. गाडी खड्ड्यात गेली. तुमी रागावसान म्हणून कुत्रा सांगितला."

सुधाकरचे हात थांबले. त्यानं मान वर केली. मग म्हणाला, "गाडीवर मोबाईल?"

"हो."

"कितीदा सांगितलं तुले?" तो म्हणाला. तो आवाज कुठल्याही बापाचा होता, चिडलेला, शहाण्या माणसाचा. "कितीदा सांगितलं?"

वैष्णवीनं तो दगड त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ बंद केली. आजोबांनी त्याला काखेत धरून उभं केलं तेव्हा त्यानं पायरी सोडली होती. त्याची आई तिथेच मटकन खाली बसली. नवसाला आलेल्या प्रत्येक नातेवाइकाचं नाव घेऊन ती सांगत होती, सगळ्यांसमोर शब्द दिला होता, आता तोंड कसं दाखवू, म्हणून मी त्याला पुन्हा इथे आणलं. कोणी तिला विचारलं नव्हतं. तिनं आपण होऊन सांगितलं.

समुद्रपूर यायच्या आत सुधाकरला पहिला झटका आला. गाडीच्या मागच्या सीटवर, माझ्या आणि शोभाच्या मधे. जीभ चावली, डोळे फिरले. त्याचं डोकं मी मांडीवर एका कुशीला धरून ठेवलं होतं आणि तुमचे आजोबा, जे कधी चाळिसाच्या वर गाडी चालवत नाहीत, ते हॉर्नवरचा हात काढत नव्हते. वाटेतल्या सरकारी दवाखान्यात त्याला सुई मिळाली, तिथून रुग्णवाहिकेनं वर्ध्याला. डॉक्टर तरुण होते. सगळं ऐकून म्हणाले, संध्याकाळपर्यंत तिथेच बसला असता तर आणायची गरज पडली नसती. त्यांनी ते अगदी सहज सांगितलं, जसं आपण पावसाचं सांगतो.

मी घरी आले, आणि तुमचा फोन आला.

त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर झटका नव्हता, दवाखानाही नव्हता. एक घर होतं, आणि त्यातली चार माणसं. प्रत्येकाच्या तोंडात एकेक खडा, आणि तो गिळता येत नाही म्हणून कोणी बोलत नाही. मुलीचा खडा सगळ्यात लहान होता. बापाच्या समोर सगळ्यात आधी तोच बाहेर पडला म्हणून बाप वाचला. एका मोबाईलच्या मेसेजवर एक जीव टांगला होता, याचा धक्का माझ्या मनातून अजून गेलेला नाही. हे लिहिताना मी दोनदा उठून पाणी प्यायले.

सुधाकर पाच-सहा दिवस भ्रमात होता, मग हळूहळू माणसात आला. मी भेटायला गेले तेव्हा उशीला टेकून बसला होता. मूठ उघडून त्यानं मला तो दगड दाखवला. नर्सनं किती वेळा टाकून दिला आणि शोभानं किती वेळा उचलून आणला, यावरून त्या दोघींचं भांडण झालं होतं म्हणे. मी त्याला काही विचारलं नाही. तो म्हणाला, "आजचं सांगू का म्याडम?" आणि वॉर्डातल्या त्या गोंगाटात, सूप नाही, डाळ नाही, त्यानं सांगितलं. सकाळी शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या औषधाचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. आईचा राग आला. शोभाला सांगितलं की झोप लागली होती, पण लागली नव्हती. सांगताना तो थकला, पण शेवटपर्यंत सांगितलं. मी उत्तर दिलं नाही. नियम तो नियम.

त्याच्या आईनं पुढच्या आठवड्यात गिरडला जाऊन नारळ फोडला आणि नातीच्या डोक्यावरची शपथ परत घेतली. तशी परत घेता येते का, मला ठाऊक नाही. तिनं घेतली.

तुम्ही दोघं जिथे राहता तिथे दारू कपाटात उघडी असते, तिचं नाव घेता येतं, आणि तुम्ही आता त्या वयाचे आहात. तुमच्याकडून मी कसलंही वचन मागत नाही. या कामानं मला वचनं मागायची भीती घातली आहे. फोनवर कधी म्हणालात, आजी, आज माझ्या सुपात हे सापडलं, तर मी ऐकेन, आणि मधे बोलणार नाही.

शोभाचा काल संध्याकाळी फोन आला होता. मागे डाळ पाखडल्याचा आवाज येत होता आणि म्हातारी कोणाला तरी म्हणत होती की तुझं झालं असेल तर सरक, माझं अजून राहिलंय.

आमचं केंद्र राहिलं नाही. ओसरी आहे, पण ती आता दुसऱ्याची. सुधाकर आहे, काल संध्याकाळपर्यंत तो प्यायलेला नव्हता. त्यांच्या घरात चार सुपं आहेत, एक स्टीलची वाटी आहे, आणि रोज दिवेलागणीला निवडणं चालू आहे.

तुमची आजी